आधी पट्टी, मग तार, मग जवारी

तंबोरा नीट बोलेनासा झाला की हौशी गाणारी माणसं पहिली धाव जवारीकडे घेतात. तूही तेच केलंस. एकदा जवारी काढून आणलीस, मग दुसऱ्या कुणाकडून पुन्हा घासून घेतलीस, मग रेशमाचा दोरा गेला नि सुताचा आला, आणि आता म्हणतेस की हे वाद्यच विकते आणि नवीन घेते. विकू नकोस. वाद्य चांगलं आहे. गेल्या खेपेला आले होते तेव्हा मी तबलीवर बोटं वाजवून पाहिली, दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली. कुठे वाक नाही, कुठे सांधा सुटलेला नाही. क्रम तेवढा उलटा झालाय. आधी पट्टी ठरते, पट्टीवरून तारा ठरतात, तारा चढल्या की जवारी निघते, आणि दोरा सगळ्यात शेवटी. तू शेवटाकडून सुरुवात केलीस. बहुतेक सगळे तिथूनच करतात म्हणा.

पट्टीचं आधी बोलू. क्लासात सगळ्या बायका काळी चारमध्ये गातात, म्हणून तूही काळी चारचा तंबोरा घेतलास. दुकानदारानं 'लेडीज तंबोरा' म्हणून तोच पुढे केला. त्याचं फारसं चुकलं नाही. बायकांचे गळे बहुधा काळी चार-पाचच्या आसपास असतात आणि पुरुषांचे पांढरी एक ते काळी दोनच्या. पण क्लासातली पट्टी ही बाईंची पट्टी असते, किंवा वर्गातल्या बहुमताची. घरी एकटी गाताना तू काळी दोनला जाऊन बसतेस, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्यात लाजायचं काही नाही. वयाबरोबर बाईचा आवाज खाली येतो, आणि उशिरा गाणं सुरू करणाऱ्या बाईला कुणी सोळाव्या वर्षीची पट्टी चिकटवायला जाऊ नये.

पट्टी कशी बघायची? सकाळी उठल्या उठल्या नको, आवाज तासभर वापरून झाल्यावर बघ. खाली मंद्र पंचम घशावर दाब न देता ऐकू आला पाहिजे आणि वर तार गांधाराला हनुवटी उचलावी लागता कामा नये. या दोन्ही गोष्टी ज्या षड्जात जमतात तो तुझा षड्ज. पंधरा-वीस दिवस रोज बघ, एका दिवसाच्या आवाजावर जाऊ नकोस. सर्दी, जागरण, शाळेतल्या पोरांवर ओरडून झालेलं असणं, सगळं त्यात उतरतं. दोन पट्ट्यांमध्ये मन हेलपाटत असेल तर खालची घे. वरची घेऊन ऐन बंदिशीत घसा आवळण्यापेक्षा ते बरं.

आता तारांचा हिशेब. तार तीच, लांबी तीच, आणि सूर बदलला, तर ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. काळी चारचा षड्ज सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा, काळी दोनचा सुमारे १५६ चा. काळी चारसाठी चढवलेली तार तू काळी दोनवर उतरवलीस की तिच्यात मूळ ताणाच्या ५६ टक्केच ताण उरतो, निम्म्याच्या थोडा वर. अशी सैल तार घोडीवर लोळते. तिला छेडलं की ती घोडीला चाटून जायच्या ऐवजी आपटते, आणि जी खरखर ऐकू येते तिला तू 'जवारी बिघडली' म्हणतेस. कारागिरानं ती खरखर घालवायला घोडी घासली, म्हणजे सैल तारेच्या मापानं घासली. दुसऱ्यानं पुन्हा घासली. तारेचं दुखणं होतं आणि औषध घोडीला दिलं.

उलटंही होतं. नवऱ्याचा, दिराचा पुरुषी तंबोरा घरात असतो, काळी एकच्या तारांचा, आणि घरातली मुलगी तोच काळी चारला ओढते. तिथे ताण जवळजवळ सव्वादोन पट होतो. जोडाची, म्हणजे षड्जाच्या जोडीतली, तार पटकन तुटते, आणि त्यात तिचं नशीबच म्हणायचं. न तुटता टिकली तर सगळा भार तबलीवर येतो आणि वर्षा-दोन वर्षांत घोडीखालची तबली बसायला लागते. बसलेली तबली वर आणणं हे खर्चाचं आणि बेभरवशाचं काम.

तारांना नंबर असतो आणि नंबर वाढला की तार बारीक होते, एवढं लक्षात ठेवलंस तरी दुकानात कुणी तुला बनवणार नाही. ३० नंबरची पोलादी तार साधारण ०.३१ मिलिमीटर जाड असते, २८ नंबरची ०.३८ च्या आसपास. ऐकायला फरक क्षुल्लक, पण तारेचं वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. काळी चारला ३० नंबरची तार ज्या ताणात बोलत होती तोच ताण काळी दोनला हवा असेल तर कागदावरचा हिशेब २७ नंबरपर्यंत जातो. कागदावरचा, म्हटलं मी. वाद्याची लांबी, भोपळ्याचा घेर, कारागिराचा हात, सगळं बघून तो कदाचित २८ वर थांबेल, आणि त्याचंच ऐक. पण त्याला 'तंबोरा काळी दोनमध्ये लावणार आहे' हे आधी सांग. 'नेहमीचा संच द्या' असं म्हणून तारा घेऊ नयेत. नेहमीचा म्हणजे कुणाचा, हे त्याला ठाऊक नसतं आणि तुलाही.

खर्ज पितळेचा किंवा ब्राँझचा असतो, जाड असतो, आणि त्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जोड गोड लागला की माणसं थांबतात. तू खर्जावर वेळ घाल. नीट लागलेल्या खर्जातून गांधार आपोआप वर येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेचा पाचवा अंश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारा वरचा सूर. तो ऐकू येईपर्यंत तंबोरा लागला असं समजायचं नाही. पहिले काही महिने तुला तो ऐकू येणार नाही, मग एके दिवशी यायला लागेल आणि त्यानंतर तो नसला तर चुकचुकल्यासारखं होईल.

तारा बदलायच्या तेव्हा जोडाच्या दोन्ही एकदम बदल. एक जुनी एक नवी ठेवलीस तर दोघींचा सूर एक होईल पण आवाज एक होणार नाही, आणि तू मणी सरकवत बसशील. नवी तार ओढ घेईपर्यंत चार-सहा दिवस उतरत राहते. त्या दिवसांत तिच्यावर रागावू नये आणि जवारीही काढायला नेऊ नये. तार बसली की मग न्यायचं.

आता जवारी. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतरती गोलाई असते. तार थरथरते तेव्हा त्या गोलाईला चाटत चाटत जाते, तिचा टेकण्याचा बिंदू क्षणाक्षणाला सरकतो, आणि त्यातून वरचे अंश पुन्हा पुन्हा जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या अंशांची गाठ पडते ते अंश उमटू नयेत, असा युरोपातल्या तारवाद्यांवरून बांधलेला नियम. आपल्या घोडीवर ते अंश खुशाल ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. नोबेल मिळायच्या कितीतरी आधीचं हे काम. तुला हे सांगायचं कारण वेगळं. घोडीचा उतार तारेच्या जाडीला आणि ताणाला जुळवून काढलेला असतो. तार बदलली, पट्टी बदलली, की तोच उतार परका होतो. म्हणून जवारी तिसऱ्या क्रमांकावर.

कानस हातात धरू नकोस. फोनवर कुणी पाच मिनिटांत जवारी काढून दाखवतो म्हणून तर मुळीच नको. घोडीवरून गेलेलं हाड परत लावता येत नाही. चांगला कारागीर सुद्धा दोन हात फिरवतो, तार टेकवतो, ऐकतो, तार उचलतो, पुन्हा फिरवतो. एका तंबोऱ्याला तास-दीड तास सहज जातो, आणि चारही तारांखालचा उतार सारखा नसतो. हल्ली फायबरच्या घोड्या मिळतात. त्या लवकर झिजत नाहीत, जवारी जास्त दिवस टिकते, पावसापाण्याचा त्रास कमी. मला हाडाचा आवाज आवडतो, पण रोज दोन तास वाजवणाऱ्या आणि कारागीर जवळ नसणाऱ्या माणसाला मी फायबरच सुचवीन.

जवारी खरोखर उतरली आहे हे कसं ओळखायचं, तर घोडीवर उजेड तिरका पाडून बघ. तारेखाली बारीक चर पडलेली दिसली, आणि दोरा कुठेही नेला तरी आवाज बंद-बंदच राहिला, तर वेळ झाली. चर नसेल तर आधी तारांकडे बघ, गंज चढलाय का, घामानं काळ्या पडल्यात का. निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळतं.

कारागिराकडे जाताना तारा काढून नेऊ नकोस. थोड्या उतरव, पण चढलेल्या असू देत. तिथे गेल्यावर आधी तूच तंबोरा तुझ्या पट्टीत लाव, तूच छेड, आणि षड्ज गाऊन दाखव. त्याच्या बोटानं वाजेल ते तुझ्या बोटानं वाजेलच असं नाही. मग सांग की जवारी खुली हवी की गोल. खुल्या जवारीत झंकार मोठा, तेज. गोल जवारी मऊ, आवाजाला पोटाशी घेणारी. बारीक आवाजाच्या माणसाला फार खुली जवारी झाकून टाकते. तुझा आवाज खालचा आणि थोडा घोगरा आहे, तुला गोल मानवेल असं मला वाटतं, पण निवड तुझी.

शक्य झालं तर एकदा मिरजेला जाऊन ये. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललंय. मूळची ही शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही तंतुवाद्यांकडे वळले, त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणाचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ मध्ये ते गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी तिथे त्यांच्या नावानं संगीत सभा भरते. गाणारा आणि वाद्य घडवणारा एका गावात राहिले की काय होतं ते तिथल्या दुकानांत कळतं: तुम्ही 'जरा उघडं हवं' म्हणता आणि समोरच्याला दुसरं काही विचारावं लागत नाही. तिथे जाऊन नुसती नक्षी बघत बसू नकोस मात्र. दांडीवरच्या वेलबुट्टीनं किंमत वाढते, सूर वाढत नाही.

दोऱ्याबद्दल थोडकं सांगते. साधा सुती दोरा पुरतो, फार जाड नको. तारेखाली घालून घोडीच्या अंगावर तो अगदी सावकाश पुढे-मागे सरकव, दुसऱ्या हातानं तार छेडत राहा. एका जागी आवाज एकदम फुलतो, तिथे थांब. केसाएवढं पुढे गेलं की तो मिटतो. घाईनं हे होत नाही, आणि पंखा चालू असताना तर नाहीच. चारही दोरे एका रेषेत दिसले पाहिजेत असा हट्ट नको. कुणी सांगतं म्हणून तीन पदरी रेशीम, मेण लावलेला दोरा, असले प्रयोग एकाच दिवशी करू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची, नाहीतर काय केल्यानं काय झालं ते कधीच कळत नाही.

लावताना जोडाची एक तार पहिली लाव. मग दुसरी तिच्याशी मिळव. दोन्ही एकत्र छेडल्या की आवाजात लाटा येतात, सूर जवळ येतो तशा त्या लांबत जातात आणि मिळाला की थांबतात. त्या लाटांकडे कान दे. मग खर्ज, मग पंचम. सगळं झालं की पुन्हा पहिल्या तारेवर ये, कारण बाकीच्या तारा चढताना तबली किंचित दबते आणि पहिली उतरलेली असते. खुंटीनं जवळपास आणायचं आणि मण्यानं नेमकं. मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तिकडे, ओढला की सूर चढतो, घोडीकडे ढकलला की उतरतो. मणी एकदम टोकाला गेलेला असेल तर तो मधे आणून खुंटीनं पुन्हा लाव, नाहीतर गाताना सरकवायला जागा उरत नाही. खुंटी फिरवताना आत दाबत फिरव. उन्हाळ्यात खुंट्या सुटतात, त्यांना खडू लाव. पावसात आवळून बसतात, तेव्हा थोडा साबण आणि खडू मिळून.

फोनवरचा सूर दाखवणारा काटा पहिली तार लावण्यापुरता ठेव. पुढचं कानानं. त्या काट्याचा पंचम आणि पेटीचा पंचम सारखे, समान भागांत कापलेले. तंबोऱ्याचा खरा पंचम त्यांच्याहून किंचित वर असतो. फरक अगदी बारीक, अर्ध्या सुराचा पन्नासावा भाग, पण लाटांमध्ये ऐकू येतो. गांधाराचा फरक मोठा आहे. पेटीचा शुद्ध गांधार स्वयंभू गांधारापेक्षा अर्ध्या सुराच्या सातव्या भागाइतका चढा असतो. म्हणून 'तंबोरा लागलाय, पेटी लागलीये, तरी दोन्ही मिळून कसंतरीच वाटतं' ही तुझी तक्रार खरी आहे आणि त्यात तुझा, तंबोऱ्याचा, पेटीचा कुणाचाच दोष नाही. पेटीशी षड्ज मिळव आणि सोडून दे. रियाजाला पेटी लांब ठेवलीस तर उत्तम.

मालकंसाला पंचमाची तार मध्यमावर आणायची, मारव्या-पूरियाला निषादावर, हे तुला बाईंनी सांगितलं असेलच. पंचमाची तार सारखी खालीवर होते म्हणून ती आधी थकते. एक जादा तार डब्यात ठेव.

आणि बोटाचं. तू गिटारसारखं नखानं ओढतेस. मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं उरलेल्या तीन, बोटाच्या मांसल कडेनं, तारेवरून हात काढून घेतल्यासारखं. ओरबाडलेली तार पहिल्या क्षणी मोठा आवाज करते आणि जवारी उमलायच्या आत मरते. छेडणं गाण्याच्या लयीला बांधू नकोस. ते आपल्या गतीनं चालू द्यायचं. आधी महिनाभर नुसतं छेडून ऐक, गाऊ नकोस. हे कुणाला पटत नाही, माहीत आहे मला.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हा, १९७९ च्या सुमारास, आमच्या पिढीतल्या लोकांनी नाकं मुरडली. मी नाही मुरडली. प्रवासात, दवाखान्यात, पोरं झोपलेली असताना त्याच्याइतका उपयोगी कुणी नाही. पण फोनवरच्या तंबोऱ्याशी तुलना करून स्वतःच्या वाद्याला नावं ठेवू नकोस. तो आवाज कुठल्यातरी निवडक तंबोऱ्यावर, निवडक दिवशी धरून ठेवलेला असतो. तुझा तंबोरा आज सकाळी ओलावा खाऊन बसलाय.

एसीच्या खोलीतून बाहेर काढलास तर अर्धा तास तसाच ठेव, मग लाव. खिडकीजवळ, टीव्हीच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नये. गवसणी कापसाची, जाड हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत भोपळ्याला बुरशी येते. परदेशात राहणाऱ्यांचा त्रास उलटा, तिथे हिवाळ्यात घरं तापवतात आणि हवा इतकी कोरडी होते की भोपळा तडकतो. खोलीत पाण्याचं भांडं ठेवायला सांग तुझ्या नणंदेला. प्रवासात तारा दोन-तीन सूर उतरव, अगदी सोडू नकोस, नाहीतर घोडी सरकते आणि बसवलेला दोरा हरवतो.

तर आता एवढंच कर. तीन आठवडे पट्टी बघ आणि कॅलेंडरवर लिहीत जा. काळी दोनच निघाली तर जोड आणि पंचम बदल, खर्जही जाड घे. आठवडाभर तारा बसू देत. मग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, मिरजेची गाडी धर. त्याआधी पावसाळ्यात जवारी काढू नकोस. पुण्याहून सकाळच्या गाडीनं गेलीस तर मुक्काम कर, त्याच दिवशी परतायची घाई कारागिराच्या मागे लावू नये. आणि जातेच आहेस तर मला खर्जाच्या दोन तारा आण, काळी एकच्या, पितळी. पैसे देईन.